तड्याचं विश्लेषण संगणकावर करताना: मेश, ऊर्जा आणि पडताळणी

तडा असलेल्या प्लेटचं साधं फाइनाइट एलिमेंट मॉडेल करा, म्हणजे प्लेट लहान तुकड्यांत (एलिमेंट) विभागून गणित सोडवा, आणि तड्याच्या टोकावरचा कमाल स्ट्रेस वाचा. या तुकड्यांचं जाळं म्हणजे मेश, त्यांचे जोडबिंदू म्हणजे नोड. मग टोकाजवळची मेश निम्म्या आकाराची करून पुन्हा वाचा. आकडा साधारण १.४ पट झालेला दिसेल. आणखी निम्मी केलीत तर पुन्हा १.४ पट. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. लवचीक पदार्थात टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाशी स्ट्रेस व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून खुद्द टोकावर तो अनंत होतो. मेश जेवढी बारीक, तेवढे आपण त्या अनंताच्या जवळ जातो. त्यामुळे टोकावरचा लाल रंग बघून 'यील्डच्या (पदार्थ कायमचा वाकू लागतो त्या ताणाच्या) वर गेला, भाग फेल' किंवा 'अजून खाली आहे, चालेल' असा निकाल देणं दोन्ही बाजूंनी चूक आहे. तड्याच्या कामात स्ट्रेस वाचायचा नसतो. तडा पुढे सरकला तर किती ऊर्जा मोकळी होईल, ते मोजायचं असतं. ग्रिफिथने १९२१ साली काचेवरच्या कामात हाच पाया घातला आणि पुढच्या सगळ्या पद्धती त्यावर उभ्या आहेत.

दुसरी गोष्ट मेश करायला बसण्याआधीच ठरवून टाका: एलिमेंट किती बारीक हवं, आणि कशाच्या तुलनेत? नुसतं 'बारीक मेश' म्हणण्याला अर्थ नाही. प्रत्येक पद्धतीत एक भौतिक लांबी दडलेली असते. कधी ती तड्याची लांबी असते, कधी प्लास्टिक भागाची त्रिज्या, कधी कोहेसिव्ह पट्ट्याची, म्हणजे टोकापुढच्या अर्धवट सुटलेल्या भागाची, लांबी. एलिमेंट त्या लांबीपेक्षा पुरेसं लहान नसेल तर उत्तर सुबक दिसेल, पण चुकीचं असेल.

कुठली पद्धत कधी

तडा कुठे आहे हे माहीत आहे आणि तो आज धोक्याचा आहे का एवढंच हवं असेल, तर तड्याला धरून केलेली मेश आणि जे-इंटिग्रल (तडा सरकताना मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचं माप, पुढे नुसतं जे) पुरतं. तडा ठरावीक पातळीवरूनच जाणार असेल, म्हणजे चिकटवलेला सांधा किंवा लॅमिनेटचे थर, तर कोहेसिव्ह एलिमेंट (ताणल्यावर हळूहळू सुटत जाणारा थर) वापरा. मार्ग माहीत नाही पण तडा एकच आहे, तर एक्स-एफईएम (तडा एलिमेंटच्या पोटातून जाऊ देणारी पद्धत) किंवा पायरीगणिक नवी मेश. तडा कुठून सुरू होईल हेही माहीत नसेल, फाटे फुटत असतील, दोन तडे एकमेकांना मिळत असतील, तर फेज-फील्ड (तडा एका अरुंद पट्ट्यात पसरवून दाखवणारी पद्धत). अवघड पद्धत म्हणजे जास्त अचूक उत्तर, असं मात्र नाही. स्थिर तड्यासाठी फेज-फील्ड लावणं म्हणजे दहापट वेळ देऊन कमी अचूक आकडा घेणं.

आधी उत्तर माहीत असलेलं गणित सोडवा

खऱ्या भागाला हात लावण्याआधी हे उदाहरण स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये सोडवा. प्लेट २०० मिमी रुंद, ६०० मिमी उंच, मधोमध ४० मिमी लांबीचा आडवा तडा, म्हणजे अर्धी लांबी २० मिमी. वरच्या आणि खालच्या कडेला १०० मेगापास्कल ताण. पोलाद: यंगचा मॉड्युलस २,१०,००० मेगापास्कल, पॉयसन गुणोत्तर ०.३, प्लेन स्ट्रेन (जाड प्लेट, जाडीच्या दिशेने स्ट्रेन नाही).

अपेक्षित उत्तर हाताने काढता येतं. टोकाजवळचा स्ट्रेस किती तीव्र आहे त्याचं माप, स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर, म्हणजे के = ताण × √(पाय (π) × अर्धी लांबी) × रुंदीचा गुणक. पाय गुणिले २० चं वर्गमूळ ७.९२७. तड्याची अर्धी लांबी प्लेटच्या अर्ध्या रुंदीच्या ०.२ पट असताना रुंदीचा गुणक १.०२४५ येतो. म्हणून के = ८१२ मेगापास्कल√मिमी. प्लेन स्ट्रेनसाठी मॉड्युलसला (१ वजा पॉयसन गुणोत्तराचा वर्ग) ने भागायचं, तो २,३०,७६९ होतो. के च्या वर्गाला त्याने भागलं की जे = २.८६ न्यूटन प्रति मिमी.

सममितीमुळे पाव प्लेट पुरते: १०० × ३०० मिमी, तड्याचा मध्य शून्यावर. डाव्या कडेला आडवं विस्थापन शून्य. खालच्या कडेवर ० ते २० मिमी मोकळं, कारण तोच तडा, आणि २० ते १०० मिमीपर्यंत उभं विस्थापन शून्य. २० मिमीवरचा नोड, म्हणजे खुद्द टोक, बांधलेल्यांत धरायचा. नोड चौकटीने निवडताना हाच एक नोड हमखास सुटतो. मग तडा नकळत लांबतो, के वर जातो आणि जे चे वेगवेगळे आकडे एकमेकांशी जुळेनासे होतात.

टोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी मेश करा. पहिल्या कड्याची त्रिज्या १ मिमी, म्हणजे तड्याच्या अर्ध्या लांबीचा विसावा भाग. अर्ध्या वर्तुळात १२ एलिमेंट, प्रत्येकी १५ अंश. पुढे आणखी पाच कडी, प्रत्येक आधीच्यापेक्षा १.३ पट जाड. सहा कडी मिळून जाळं टोकापासून साधारण पावणेतेरा मिमीवर संपतं. त्याच्या बाहेर मेश मोकळी सोडली तरी चालते.

पहिल्या कड्यातली एलिमेंट आठ नोडची घ्या आणि त्यांची टोकाकडची बाजू एका बिंदूत मिटवा. त्या बाजूचे तिन्ही नोड एकच नोड असल्यासारखे जोडलेले हवेत. मग टोकातून निघणाऱ्या बाजूंवरचे मधले नोड टोकाकडे सरकवून पाव अंतरावर आणा. इथे पहिलं कडं १ मिमीचं आहे, म्हणून ते नोड टोकापासून ०.२५ मिमीवर येतील. एवढ्याने एलिमेंटमधला स्ट्रेन आपोआप अंतराच्या वर्गमुळाशी व्यस्त होतो. हेनशेल आणि शॉ यांनी १९७५ मध्ये आणि बारसूम यांनी १९७६ मध्ये हे दाखवलं. इतक्या स्वस्तात इतकी अचूकता देणारी युक्ती या विषयात दुसरी नाही. काळजी दोनच गोष्टींची. नोड पाऊण अंतरावर, म्हणजे उलट्या बाजूला सरकला तर सिंग्युलॅरिटी (स्ट्रेस अनंत होण्याची जागा) भलत्याच ठिकाणी जाते. आणि टोकातून निघणाऱ्या बाजू सरळ हव्यात, वाकड्या बाजूंवर हा गुण राहत नाही.

आता टोकाभोवती सहा वाटांवर जे काढा. राइस यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या या इंटिग्रलचा मोठा फायदा असा की टोकाला वळसा घालून कुठल्याही वाटेने गेलं तरी किंमत तीच येते, त्यामुळे टोकावरच्या बिघडलेल्या स्ट्रेसला हात लावावा लागत नाही. पहिली वाट सोडून द्या. दुसरीपासून सहावीपर्यंतचे आकडे एकमेकांपासून एका टक्क्याच्या आत हवेत. तसे नसतील तर अजून बारीक मेश करण्याआधी सीमा-अटी आणि जाळं तपासा.

आकडा चुकला तर तो बोलतो

या उदाहरणात चुकीच्या उत्तरावरूनच चूक ओळखता येते, म्हणून ते पाठ करून ठेवण्यासारखं आहे.

के ५७४ आला तर सममिती सांगायची राहिली. अर्ध्या मॉडेलमध्ये तड्याची एकच बाजू असते, म्हणून जे निम्मा मिळतो, १.४३, आणि के √२ ने कमी. के ७७५ आला तर जे बरोबर आहे, पण त्याचा के करताना प्लेन स्ट्रेसचा (पातळ प्लेटचा, न भागलेला) मॉड्युलस वापरला गेला. जे ३.१४ आला तर एलिमेंटच प्लेन स्ट्रेसची निवडली गेली. के २५.७ दिसला तर घाबरू नका, ते मेगापास्कल√मीटरमधलं तेच उत्तर आहे. मिमीवरून मीटरवर येताना ३१.६२ ने भागायचं असतं. पदार्थाची फ्रॅक्चर टफनेस (के च्या ज्या किमतीला तडा पळू लागतो ती) जवळजवळ नेहमी मेगापास्कल√मीटरमध्ये छापलेली असते आणि मॉडेल मिमीत असतं. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करताना ३१ पटींची ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते.

जे न वापरता आणखी एक तपासणी करा. तड्याच्या मध्यावर वरची बाजू किती उघडली ते बघा. अनंत रुंद प्लेटसाठी ते २ × ताण × अर्धी लांबी ÷ प्लेन स्ट्रेनचा मॉड्युलस, म्हणजे ०.०१७३ मिमी. मर्यादित रुंदीमुळे तुमचा आकडा थोडा जास्त यायला हवा. कमी आला तर कुठेतरी जादा नोड बांधला गेला आहे.

लवचीक गणित कुठवर चालतं

के वर विसंबण्याआधी (के ÷ यील्ड) च्या वर्गाची अडीच पट काढा. वरच्या प्लेटचं यील्ड ३५० मेगापास्कल धरलं तर (२५.७ ÷ ३५०) चा वर्ग ०.००५४ मीटर, म्हणजे ५.४ मिमी. त्याची अडीच पट १३.५ मिमी. तड्याची लांबी, जाडी आणि पुढचा शिल्लक भाग, तिन्ही याहून मोठे हवेत. इथे तड्याची अर्धी लांबी २० मिमी आहे, शिल्लक भाग ८० मिमी. जाडी १३.५ मिमीपेक्षा कमी असेल तर प्लेन स्ट्रेन हे गृहीतच डळमळतं.

अट पाळली जात नसेल तर प्लास्टिक मॉडेल घ्या. पण मग टोकाची मांडणीही बदला: मिटवलेले नोड एकमेकांपासून मोकळे सोडा आणि मधले नोड परत मध्यावर न्या. त्यामुळे टोक बोथट होऊ शकतं. प्लेन स्ट्रेनमध्ये प्लास्टिक भागाची त्रिज्या साधारण (के ÷ यील्ड) चा वर्ग भागिले १८.८५ असते. आपल्या प्लेटसाठी ०.२९ मिमी. १ मिमीच्या एलिमेंटला तो भाग दिसणारच नाही. तिथे मेश ०.०३ मिमीच्या आसपास न्यावी लागते. जे च्या आतल्या वाटा आता कमी आकडा दाखवतील, बाहेर जाल तसा तो स्थिरावेल. स्थिरावलेला घ्या. आणि लोड उतरवल्यानंतरचा जे वापरू नका. लोड एकाच दिशेने वाढत असेल तोवरच त्याचं वाटेवर अवलंबून नसणं टिकतं.

फटिगमध्ये तडा वाढवताना

फटिग म्हणजे वारंवार बदलणाऱ्या लोडने तडा वाढत जाणं. प्रत्येक पायरीला के काढायचा, तडा थोडा पुढे न्यायचा, मेश पुन्हा करायची, असं चक्र चालतं. पायरी तड्याच्या लांबीच्या दहाव्या भागाहून मोठी नको. का, ते याच प्लेटवर दिसतं. ताण ० ते १०० मेगापास्कल बदलतो आहे असं समजा. दर चक्राला तडा किती वाढतो ते के च्या चढउताराच्या घातात सांगणाऱ्या पॅरिसच्या नियमात घातांक ३, स्थिरांक ६.९ × १०⁻¹² घ्या, एकक मीटर प्रति चक्र आणि मेगापास्कल√मीटर. फेराइट-पर्लाइट पोलादासाठी ही नेहमीची जोडी आहे. २० मिमीवर वाढीचा वेग १.१७ × १०⁻⁴ मिमी प्रति चक्र येतो. २२ मिमीवर के २७.१ होतो आणि वेग १.३७ × १०⁻⁴. पायरीच्या सुरुवातीचाच वेग पूर्ण २ मिमीसाठी धरला तर १७,१०० चक्रं लागतील असं दिसतं. दोन्ही टोकांच्या वेगांची सरासरी घेतली तर १५,८००. म्हणजे सुरुवातीचा वेग धरणारी पद्धत आयुष्य आठ-नऊ टक्क्यांनी जास्त सांगते, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. सॉफ्टवेअर आत नेमकं काय करतं हे माहीत नसेल तर पायरी निम्मी करून पुन्हा चालवा.

इथेही एककं सांभाळा. तोच स्थिरांक मिमी आणि मेगापास्कल√मिमीमध्ये २.१८ × १०⁻¹³ होतो. फक्त हजाराने गुणून मोकळं होता येत नाही, ३१.६२ च्या घनानेही भागावं लागतं.

तडा तिरका असेल तर उघडण्याबरोबर घसरण्याचा के पण निघतो. कमाल परिघीय ताणाच्या निकषाने वळण्याचा कोन काढा. तो कोड बरोबर आहे का हे तपासायला निव्वळ घसरण द्या: तडा ७०.५ अंशांत वळायला हवा. तडा नागमोडी जाऊ लागला तर बहुतेक वेळा पदार्थ तसा वागत नसतो. पायरी एलिमेंटच्या मानाने फार लहान झालेली असते आणि के मधला आकड्यांचा थरथराट कोनात उतरतो. आणि उघडण्याचा के ऋण आला तर तड्याच्या दोन बाजू एकमेकींत घुसल्या आहेत. तिथे कॉन्टॅक्ट (बाजू एकमेकींत न घुसू देणारी अट) लावल्याशिवाय कुठलाच आकडा वापरू नका.

एक्स-एफईएम

बेलिश्को आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये आणलेल्या या पद्धतीत तडा एलिमेंटच्या पोटातून जाऊ शकतो. तुटलेल्या एलिमेंटच्या नोडना उडी घेणारं जादा फलन देतात, टोकाजवळच्या नोडना वर्गमुळाचं वागणं असलेली चार फलनं. मेश पुन्हा करावी लागत नाही म्हणून लोक जाड मेशवर समाधान मानतात. ते करू नका. मार्गावर एलिमेंट एकसारखी आणि बारीकच हवीत. टोकाची फलनं एकाच एलिमेंटला न देता ठरावीक त्रिज्येतल्या सगळ्या नोडना द्या, तड्याच्या दहाव्या भागाएवढी त्रिज्या ठीक असते. नाहीतर मेश बारीक करूनही चूक हळूहळूच कमी होते. तडा नेमका नोडवरून किंवा नोडच्या अगदी जवळून गेला की एलिमेंटचा एक तुकडा नगण्य उरतो आणि समीकरणं बिघडतात. अशा वेळी तडा किंवा मेश एलिमेंटच्या लहानशा अंशाने सरकवा. एक गोष्ट मॅन्युअलमध्ये नीट वाचा: ॲबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये तडा वाढत असताना टोकाची फलनं वापरली जात नाहीत, तडा दर वेळी अख्खं एलिमेंट ओलांडतो.

कोहेसिव्ह एलिमेंट

इथे पदार्थाचे दोन आकडे लागतात: कमाल ताकद आणि फ्रॅक्चर ऊर्जा. ऊर्जा म्हणजे ताण आणि फट यांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. त्रिकोणी आलेखात ते ताकद × अंतिम फट × अर्धा. दडलेली लांबी म्हणजे टोकापुढचा तो पट्टा, जिथे पदार्थ अर्धवट सुटलेला आहे. ती मॉड्युलस × ऊर्जा ÷ ताकदीचा वर्ग या राशीच्या प्रमाणात असते, आणि तिच्यात किमान तीन एलिमेंट बसायला हवीत.

कार्बन-इपॉक्सी लॅमिनेटसाठी प्रातिनिधिक आकडे घ्या. थरांना काटकोनातला मॉड्युलस १०,००० मेगापास्कल, ऊर्जा ०.३ न्यूटन प्रति मिमी, ताकद ६० मेगापास्कल. राशी ०.८३ मिमी येते, म्हणजे एलिमेंट ०.२८ मिमीपेक्षा मोठं नको. मोठ्या पॅनेलमध्ये ते परवडत नाही. अशा वेळी ताकद मुद्दाम ३० करतात आणि ऊर्जा तीच ठेवतात. राशी ३.३ मिमी होते आणि एलिमेंट १.१ मिमीचं चालतं. आधीपासून असलेला तडा वाढताना ऊर्जाच निर्णायक असते, त्यामुळे हे चालून जातं. नवा तडा कधी सुरू होईल हे मात्र अशा मॉडेलला विचारू नका. तिथे ताकदच निर्णायक असते आणि तीच तुम्ही बदलली आहे.

काँक्रीटसाठी तीच राशी काढा: ३०,००० × ०.१ ÷ ९ = ३३३ मिमी. हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये काँक्रीटसाठी हा मार्ग का धरला ते या आकड्यात दिसतं. प्रयोगशाळेतल्या बीमपेक्षा ही लांबी मोठी आहे, मग तिथे के चा अर्थच उरत नाही.

सुरुवातीचा ताठरपणा मॉड्युलसच्या ५० पट भागिले शेजारच्या थराची जाडी इतका घ्या. वरच्या लॅमिनेटमध्ये १.५ मिमी थरासाठी ३.३ × १०⁵ न्यूटन प्रति घन मिमी. फार कमी घेतला तर तडा नसतानाच सांधा ढिला वागतो, फार जास्त घेतला तर ताणाच्या आलेखात दात पडतात. गणित अडकायला लागलं की लोक व्हिस्कॉसिटी (गणित सावरायला दिलेला कृत्रिम चिकटपणा) वाढवत नेतात. वाढवा, पण तिच्यात खर्ची पडलेली ऊर्जा वेगळी काढून एकूण स्ट्रेन ऊर्जेशी ताडून बघा. ती दोन-तीन टक्क्यांच्या वर गेली तर दिसणारी ताकद पदार्थाची नाही, व्हिस्कॉसिटीची आहे. मग आधी मेश बारीक करा.

फेज-फील्ड

इथे तडा म्हणजे ० ते १ बदलणारं एक क्षेत्र, एका ठरावीक लांबीत पसरलेलं. ही लांबी तुम्ही निवडता, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. नेहमीच्या वर्ग-रूपाच्या मॉडेलमध्ये ताकदीचा वर्ग = २७ × मॉड्युलस × ऊर्जा ÷ (२५६ × लांबी). म्हणजे लांबी निवडली की ताकदही ठरली. काच घ्या: मॉड्युलस ७०,००० मेगापास्कल, ऊर्जा ०.००८ न्यूटन प्रति मिमी, ताकद ४० मेगापास्कल हवी. लांबी ०.०३७ मिमी येते. सोयीसाठी ती १ मिमी ठेवली तर काच जेमतेम ८ मेगापास्कलला तुटू लागेल.

एलिमेंट लांबीच्या निम्मं चालतं असं ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. पण मेशमुळे ऊर्जा (१ + एलिमेंट ÷ लांबीची दुप्पट) या गुणकाने फुगते. निम्म्या एलिमेंटला ती २५ टक्के जास्त होते, पाचव्या भागाच्या एलिमेंटला १० टक्के. एकतर मेश बारीक करा, नाहीतर ऊर्जा आधीच त्या गुणकाने भागून द्या.

विस्थापन आणि तडा आळीपाळीने सोडवत असाल तर प्रत्येक लोड पायरीत दोन्ही स्थिर होईपर्यंत फेऱ्या करा. एकाच फेरीवर पुढे गेलं की तडा मागे पडतो आणि कमाल लोड फुगतो. पायरी दहापट लहान केल्यावर कमाल लोड हलला, तर तो आधी बरोबर नव्हता. शेवटी तड्याशिवायचा एक ठोकळा नुसता दाबून बघा. तो ओढल्यावर तुटतो त्याच लोडला दाबल्यावरही तुटला, तर ऊर्जेची ताण आणि दाब अशी विभागणी चालू केलेली नाही. ती चालू करून मगच खऱ्या भागाकडे वळा.